सोवळ्यातली मोटार

जुन्या स्पोर्ट्सकारच्या भक्तमंडळींत एक पंथ आहे. त्याला मी सोवळेकरी पंथ म्हणतो. गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे, तिच्या अंगाला परकी वस्तू शिवता कामा नये, हा त्या पंथाचा धर्म. चाकामागे रबराची वीतभर पट्टी, म्हणजे ज्याला मडफ्लॅप म्हणतात तो, लावावा की लावू नये, एवढ्याशा प्रश्नावर ही मंडळी अशी तुटून पडतात की धर्ममार्तंडांनीही थक्क व्हावे! माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात असतो. त्याच्याजवळ १९६७ सालची बिनछपराची एम. जी. बी. आहे आणि ती तो पावसात नि थंडीतही कामावर नेतो. मडफ्लॅप लावायचा विचार त्याने बोलून दाखवताच मित्रांनी त्याला अरसिक ठरवले. ह्या अरसिकाचे वकीलपत्र मी आपण होऊन घेत आहे.

आधी गाडीची घडण पाहू. एम. जी. बी. १९६२ साली बाजारात आली आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथे तयार होत होती. तिच्या आधीच्या एम. जी. ए.ला खाली वेगळी चासी होती. हिला ती नाही. पत्र्याचे अंग हाच हिचा सांगाडा. दाराखालून जाणारी पत्र्याची पोकळ पेटी, जिला सिल म्हणतात, ती शोभेसाठी नाही. वर छप्पर नसल्यामुळे गाडीचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांशी धरून ठेवण्याचे बरेचसे ओझे तिच्यावरच पडते. आणि पुढचे चाक नेमके तिच्याच दिशेने खडे, चिखल आणि हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेले मीठ उडवते. खड्याने रंगाचा टवका उडतो, उघड्या पत्र्याला मीठ लागते, मग गंज आपले काम निवांतपणे करतो. सिल कुजली की गाडी मधोमध झुकते, दारे नीट मिटेनाशी होतात. आणि आत माणसे बसलेली असतात, हे रसिकांनी विसरू नये.

पट्टीने गाडीची रेषा बिघडते, हा पहिला आक्षेप. कोणती रेषा? अमेरिकेतील नियमांपायी १९७४ साली खुद्द कारखान्यानेच ह्या गाडीचे चकचकीत बंपर काढून काळ्या रबराचे जाडजूड बंपर बसवले आणि गाडी जमिनीपासून उंचही केली. निर्मात्याने हे केलेले ज्यांना सोसले, त्यांना वीतभर पट्टी सोसू नये? ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकरांचा वाद आपण पुष्कळ ऐकला; परंतु धावण्यासाठीच घडवलेल्या वस्तूत तो वाद संभवतच नाही. जी धावू शकत नाही ती सुंदर मोटार नव्हे, मोटारीचे सुंदर चित्र होय.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. पट्टीच्या मागेच ओली माती साठते आणि स्क्रूसाठी पाडलेल्या भोकापासून गंज सुरू होतो, असे जाणकार सांगतात. खरे आहे. पण ह्यातून निघतो तो निष्काळजीपणाविरुद्धचा नियम, पट्टीविरुद्धचा नव्हे. जमेल तिथे भोक न पाडता पकडीने बसवावी. पाडावेच लागले तर कडेला गंजरोधक रंग द्यावा, मेण भरावे, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत आणि मागची माती पाण्याने धुऊन काढावी. हेही कबूल, की पट्टी सर्व काही राखत नाही. पुढच्या चाकाच्या कमानीत मागे रबरी कडेचा एक आडपत्रा असतो. ते रबर झिजले की चिखल आडपत्र्यामागे शिरतो आणि पत्रा आतून खातो. ते रबर बदललेच पाहिजे. एक औषध सर्व रोगांवर चालत नाही म्हणून कोणी औषधच टाकून देत नाही.

पुन्हा, ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांवरील, फारसे फेरफार न केलेल्या बहुतेक मोटारींना वार्षिक तपासणीची सक्ती उरलेली नाही. म्हणजे सिलला टोचून पाहणारा परका माणूस गेला. आता राखणदार एकटा मालक. अशा वेळी ‘मूळ रूप’ ह्या शब्दाआड दडून पत्रा कुजू देणे, ह्याला निष्ठा कसे म्हणावे?

आणि मागच्या चाकांचे काय? पुढच्या पट्ट्या आपल्या गाडीसाठी असतात. मागच्या असतात त्या मागून येणाऱ्यासाठी. त्याच्या काचेवर आपला चिखल आणि खडे जाऊ नयेत म्हणून. आषाढात रस्त्याच्या कडेने पांढऱ्या कपड्यांत चाललेल्या कोणत्याही मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही! सौंदर्याच्या नावाखाली आपली घाण दुसऱ्याच्या अंगावर उडवण्याचा हक्क कोणालाही पोचत नाही.

तेव्हा माझा निवाडा असा: गाडी ओल्या रस्त्यावर न्यायची असेल तर चारही पट्ट्या लावाव्यात, प्रदर्शनाला नेताना हवे तर काढाव्यात. ज्यांना ती बाहेर काढायचीच नाही, त्यांनी खुशाल लावू नयेत. फक्त रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला अरसिक म्हणण्यापूर्वी त्यांनी गुडघे टेकून स्वतःच्या गाडीची सिल एकदा दाबून पाहावी.