करार झाला, परवान्याचे काय?

महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. आरंभीचे उद्दिष्ट १०,००० तरुणांचे. हळद-सोयाबीनवर जगणाऱ्या हिंगोली जिल्ह्यातही त्यामुळे आशा पालवणे स्वाभाविकच. परंतु करार म्हणजे परवाना नव्हे! प्रत्येकाला निघण्यापूर्वी कामाचा व्हिसा आणि पोहोचल्यावर निवासाचा परवाना स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. परिचारिकेला पूर्ण मान्यतेसाठी बी-२ पातळीची जर्मन भाषा यावी लागते. ही वाट लांबची, म्हणूनच दलालाचे फावते. पर्यटक व्हिसावर नोकरीला धाडू म्हणणारा सरळ फसवतो. त्या व्हिसावर नोकरी करताच येत नाही. गहाण पडते ते मात्र बापाचे शेत. कळमनुरी, सेनगावच्या मुलांना तालुक्यालाच भाषावर्ग व कागदपत्रांचे साहाय्य मिळाले, तरच हा करार त्यांचा ठरेल.