गॅरीचा गेडी कसा झाला

या अंकासाठी मोठ्या गटाने 'माझा आवडता खेळाडू' या विषयावर लिहावं असं ठरलं होतं. आम्ही चौघांनी बाईंकडून विषय बदलून घेतला, कारण आमचा आवडता माणूस खेळाडू नाही. तो बेस गिटार वाजवतो, कॅनडातल्या टोरांटोचा आहे, त्याचं वय सत्तरीच्या पुढे आहे आणि त्याचं नाव गेडी ली. त्याच्या बँडचं नाव रश. "हे कोण?" असं ज्यांना वाटलं त्यांनी लाजू नये. वर्गातल्या बहुतेक पालकांनाही तेच वाटलं. एका काकांनी मात्र पुढच्याच शनिवारी माळ्यावरचा कॅसेटचा खोका आणून दाखवला. कॉलेजात असताना मित्राकडून कॉपी करून घेतलेल्या कॅसेट, वर बॉलपेनने लिहिलेली गाण्यांची नावं. त्यातल्या दोन अजून वाजतात.

रश प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवतो. म्हणजे काय, तर ज्यात गाणं तीन मिनिटांत संपलंच पाहिजे असा नियम नाही आणि मात्रा मोजता मोजता ताल हातातून निसटतो. त्यांच्या 1976 सालच्या '2112' या रेकॉर्डची एक अख्खी बाजू म्हणजे एकच रचना आहे, वीस मिनिटांची. आणि हे सगळं वाजवणारे फक्त तिघं. अ‍ॅलेक्स लाइफसन गिटारवर, नील पीअर्ट ड्रम्सवर, आणि गेडी बेसवर. बाकीच्या बँडमध्ये बेसवाल्याकडे सहसा कोणाचं लक्ष नसतं. तंबोऱ्यासारखं असतं ते, थांबलं की मगच कळतं. गेडी मात्र बेस वाजवता वाजवता गातो, मध्येच की-बोर्डवर हात टाकतो आणि खाली पायाने पेडल दाबून आणखी सूर काढतो. आमच्यातल्या एकाने घरी पेटी वाजवत गाऊन पाहिलं. तेवढ्यातच त्याची त्रेधा उडाली, पायांचा प्रश्नच आला नाही.

हे तिघं 1974 पासून 2015 पर्यंत एकत्र होते. एकेचाळीस वर्षं, माणूस न बदलता. आपल्या वर्गाच्या समितीलाही हे जमलेलं नाही (बाईंनी हे वाक्य खोडू नये ही विनंती). 1 ऑगस्ट 2015 ला लॉस एंजेलिसला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. जानेवारी 2020 मध्ये नील पीअर्ट गेला. त्यानंतर आता काही नाही असंच सगळे धरून चालले होते. पण ऑक्टोबर 2025 मध्ये गेडी आणि अ‍ॅलेक्सनी आनिका निलेस या जर्मन ड्रमरला बरोबर घेऊन 2026 साली पुन्हा दौरा करणार असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी कॅसेटवाल्या काकांनी कामावरून फोन करून आम्हाला बातमी दिली. आम्हाला ती सकाळीच कळली होती, पण आम्ही तसं म्हटलं नाही.

काही पालक म्हणतात, आपल्याकडे भीमसेन जोशी असताना हे कशाला? आम्हाला यात भांडण दिसत नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात लोक शाली गुंडाळून रात्रभर बसायचे, एकेका तानेला मान हलवायचे, हे आम्ही घरीच ऐकलं आहे. तो महोत्सव 1953 साली सुरू झाला. गेडीचा जन्मही 1953 चाच. रशचे चाहते याच जातीचे आहेत. 1988 साली इथे जवळच, बर्मिंगहॅमच्या एनईसीमध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण आहे. ते पाहा. शाली नाहीत एवढाच फरक. प्रत्येक जण हवेत न दिसणारे ड्रम बडवतो आहे, आणि बरोब्बर समेवर येतो आहे.

आता मुद्द्याचं. चाहते गेडीची बोटं पाहतात, त्याच्या गिटारीचे मॉडेल सांगतात, उंच पट्टीतल्या आवाजाबद्दल वाद घालतात. आमचं म्हणणं असं की त्याच्या नावाकडे आधी पाहा.

त्याचं खरं नाव गॅरी ली वाइनरिब. त्याचे आईवडील पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांना कोवळ्या वयात छळछावण्यांत टाकलं. दोघंही ऑशविट्झमधून गेले. आई शेवटी बर्गन-बेल्सनला होती. 15 एप्रिल 1945 ला ब्रिटिश सैन्य तिथे पोचलं. तिने पाहिलं तर पहारेकऱ्यांचे दोन्ही हात वर. तिला वाटलं, हा सलामीचाच काहीतरी नवा प्रकार असेल. आपण सुटलो असं तिच्या मनातच आलं नाही. ही हकिकत गेडीने मोठेपणी सांगितली आहे, आणि 1984 सालच्या त्यांच्या एका गाण्यामागे तीच आहे. युद्धानंतर वडील तिला शोधत आले. तिथेच त्यांचं लग्न झालं आणि ते कॅनडाला गेले.

मुलगा झाला. नाव ठेवलं चारचौघांसारखं, गॅरी. पण आईच्या तोंडी पोलंडचं वळण. तिच्या हाकेत गॅरीचा 'गेडी' ऐकू येई. मित्र घरी यायचे, त्यांनी ते ऐकलं आणि तेही 'गेडी' म्हणू लागले. पुढे त्याने कायद्याने तेच नाव घेतलं. म्हणजे एनईसीमध्ये हजारो माणसं जे ओरडतात तो एका आईचा 'चुकीचा' उच्चार आहे.

हे वाचलं तेव्हा आम्ही चौघंही थोडा वेळ गप्प होतो. का, ते सांगतो. आमच्या आईबाबांच्या इंग्रजीत 'व' आणि 'व्ह' आपापल्या मर्जीने जागा बदलतात. आम्ही त्यावर हसतो. मित्रांसमोर नक्कल करून हसवतोही. आम्ही 'ळ' चा 'ल' करतो तेव्हा आजीही हसते हे खरं आहे, पण आजी हसते आणि मग परत म्हणून घेते. आम्ही नुसतेच हसतो. आमच्यातल्या एकीने गेल्या वर्षी शाळेच्या पॅरेंट्स इव्हनिंगला जाताना आईला गाडीतच सांगितलं होतं, "तू बोलू नकोस हं, बाबा बोलतील." आई खरंच बोलली नाही. पूर्ण दहा मिनिटं हातात पर्स धरून बसली. ती फार्मसिस्ट आहे, दिवसभर औषधं कशी घ्यायची ते लोकांना इंग्रजीतच समजावून सांगते. हा प्रसंग छापायचा की नाही यावर आमचा वाद झाला. छापा, असं त्या मुलीनेच सांगितलं.

नावांबद्दल मात्र आमचं एकमत नाही, आणि ते आहे असं आम्ही दाखवणार नाही. ज्ञानेश असो की क्षितिजा, शाळेच्या हजेरीत त्या जोडाक्षरांचं काय होतं ते इथल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. आमच्यातले दोघं म्हणतात, शिक्षकांना नीट नाव शिकवायचंच. एक जण म्हणतो, मला माझं छोटं नाव आवडतं, ते मी निवडलं आहे, गेडीनेही निवडलंच ना? त्याला उत्तर देणं कठीण आहे. शिवाय गिटारवाला अ‍ॅलेक्स. त्याचे आईवडील सर्बियाचे, आडनाव झिवोयिनोविच. त्याचा अर्थ साधारण 'जीवनाचा पुत्र', म्हणून त्याने सरळ भाषांतर करून लाइफसन केलं. हे कळल्यावर आम्ही वर्गातल्या सगळ्या आडनावांची भाषांतरं करत बसलो. देशमुखांचं 'कंट्रीफेस' झालं आणि तिथे तो उद्योग थांबला.

गेडीचे वडील तो बारा वर्षांचा असतानाच वारले. आईने त्यांचं दुकान चालवायला घेतलं. मुलाने संगीतासाठी शाळा सोडली तेव्हा ती फार दुखावली होती. पण पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा दुकानाच्या काचा तिने रशच्या पोस्टरांनी भरून टाकल्या, आणि ज्या मुलांकडे पैसे नसत त्यांना रेकॉर्ड तशाच देऊन टाकल्या. 2021 साली, पंचाण्णव वर्षांची होऊन ती गेली. गेडीने 2023 साली आत्मचरित्र लिहिलं, त्यात आईवडिलांच्या छावण्यांतल्या दिवसांवर सविस्तर लिहिलं आहे. मोठ्यांनी जरूर वाचावं. पुस्तकाचं शीर्षक या अंकात छापता येण्यासारखं नाही.

(पुस्तकांवरून आठवलं. स्मिदफर्ड वे वर जी मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत, तिथे पूर्वी लोकार्नो नावाचं नृत्यगृह होतं. 3 फेब्रुवारी 1972 ला तिथे पिंक फ्लॉइड वाजवून गेले. ग्रंथालय 1986 साली आलं. प्रोग्रेसिव्ह रॉक कॉव्हेंट्रीला परका नाही एवढंच सांगायचं आहे.)

आता तबल्याच्या मुलांसाठी. रशची 1981 सालची 'वायवायझेड' नावाची रचना आहे. तिच्यात शब्द नाहीत. वायवायझेड हा टोरांटो विमानतळाचा संकेत, आणि सुरुवातीला वाजतो तो त्या तीन अक्षरांचा मोर्स कोड. लांब ठोक्याला दोन आणि आखूड ठोक्याला एक धरून मोजा. वायचे सात, पुन्हा वायचे सात, झेडचे सहा, एकूण वीस. म्हणजे दहा मात्रांच्या झपतालाची दुगुण. तबल्याच्या सरांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मांडीवर ताल धरला आणि दुसऱ्या आवर्तनाला सम पकडली. त्यांनी तोपर्यंत रशचं नावही ऐकलं नव्हतं.

मग आम्ही आपल्या बॅगांवरच्या चिठ्ठ्या काढल्या. दर सुट्टीत आपण बर्मिंगहॅमहून मुंबईला जातो, त्या चिठ्ठ्यांवर बीएचएक्स आणि बीओएम लिहिलेलं असतं. बीओएमचे पाच, सहा आणि चार, झाले पंधरा. बीएचएक्सचे पाच, चार आणि सहा. तेही पंधरा! आम्ही तीनदा मोजलं. सर म्हणाले, पंधरा मात्रांचा ताल आपल्याकडे आहे, पंचम सवारी.

म्हणून समितीला आमची विनंती आहे की दिवाळीच्या कार्यक्रमात आम्हाला चार मिनिटं द्यावीत. "मराठी कार्यक्रमात इंग्रजी बँडचं काय काम?" असं विचारलं जाईल, म्हणून एवढं लिहिलं. आम्ही रशचं काही वाजवणार नाही, तेवढी आमची लायकी नाही. एकदा बीओएम, एकदा बीएचएक्स, आलटून पालटून, तबला आणि बेस गिटार. तबल्याला एक जण तयार आहे. बेस गिटार शेजाऱ्यांकडून उसनी मिळते आहे. इंग्रज पाहुणेही येतात, म्हणून निवेदन इंग्रजीतून ठेवलं आहे. ते आमच्यातल्या एकीची आई करणार आहे.