उलटी फिरणारी मोटार

भाऊबिजेला बहिणीकडे जाताना काय न्यावे, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. साडी न्यावी तर रंग पसंत पडत नाही आणि पाकीट द्यावे तर 'इतका परका झालास का रे' असे ऐकून घ्यावे लागते. पाच वर्षांपूर्वी मी यावर एक तोड काढली. ताईला साडी नेलीच, पण भाच्यासाठी एक मोटार नेली. खेळण्यातली असली तरी ती लहान नव्हे. खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाची, चांगली साडेतीन किलो वजनाची आणि हातातल्या रेडिओच्या यंत्राने लांबून चालवायची. तिला 'बग्गी' म्हणतात. घोड्याच्या बग्गीशी मात्र तिचा काही संबंध नाही. ओळखीच्या एका गृहस्थांनी हौस फिटल्यामुळे ती विकायला काढली होती आणि स्वस्त मिळाली म्हणून मी घेतली. मामा लोकांचे औदार्य बहुधा असेच असते.

ताईचे घर आखाडा बाळापूरला आहे. नांदेडहून हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यावरचे, कळमनुरी तालुक्यातले हे गाव. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून गावाचा जिल्हा बदलला, पण पिके तीच राहिली. सोयाबीन, कापूस आणि हळद. जिथे शेती तिथे विहीर, विहीर तिथे पंप आणि पंप तिथे जळालेली मोटार. आमच्या दाजींचा संसार या शेवटच्या वस्तूवर उभा आहे. ते मोटारी भरतात. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसून काढायची, तिचे टर्न मोजायचे, गेज पाहायचा आणि तितकीच नवी तांब्याची तार बसवायची. पेरणीपासून हळद काढेपर्यंत त्यांच्या दारात मोटारींची रांग असते.

आता माझ्या बग्गीची गोष्ट. तिला साडेतीन सीसीचे इंजिन होते. म्हणजे औषधाच्या चमच्याहूनही लहान! त्यात पेट्रोल चालत नसे. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल अशा मिश्रणावर ते धावे. एरंडेल नावाची वस्तू आपल्या पिढीने नाक दाबून घेतली, पण इंजिनाला ती वंगण म्हणून लागते. मी एक बाटली बरोबर नेली होती. टाकी भरली की आठ-दहा मिनिटे चाले. चार दिवस बाळापूरची पोरे तिच्यामागे धावली, गल्लीभर जळक्या एरंडेलाचा धूर झाला आणि बाटली संपली. नवी आणायची कोठून? मिथेनॉल हे विष आहे, ते किराणा दुकानात मिळत नाही. नायट्रोमिथेन तर त्याहून दुर्मिळ. बग्गी फळीवर चढली ती चार वर्षे तेथेच राहिली.

मधल्या काळात भाचा नांदेडला डिप्लोमाला गेला, दोन वर्षे गणितात अडकला आणि बिछाना गुंडाळून घरी आला. तेव्हापासून बाप-लेकांचे बोलणे तुटले. दाजी मुळात अबोल आहेत. रागावले की ते ओरडत नाहीत, फक्त जास्त काम करतात. मुलगा दुकानात आला की ते पक्कड उचलीत आणि पाठ फिरवीत. ताई फोनवर म्हणे, "एकाच घरात दोन भिंती चालायल्यात बघ. मधे मी."

गेल्या वर्षी श्रावणात भाच्याचा मला फोन आला. "मामा, तुमची गाडी विजेवर करायलोय. मोटार, कंट्रोलर तेवढा घेऊन द्या. बाकी सगळं मी घरी करतो." उधारीच्या औदार्याचे व्याज द्यायची वेळ आली आहे हे मी ओळखले आणि पैसे पाठवले.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा मुलगा असेल, म्हणून त्याने काय केले ते थोडे तपशिलाने सांगतो. इंजिन, टाकी, धुराड्याची नळी आणि ब्रेकच्या काड्या त्याने काढून टाकल्या. गती सांभाळणारा कंट्रोलर आता ब्रेकही मोटारीकरवीच लावणार होता. खिडक्या बसवणाऱ्याकडे उरलेला अ‍ॅल्युमिनियमचा जाड अँगल आणून त्याने मोटारीसाठी बैठक केली. तिची भोके गोल न ठेवता लांबट कापली, कारण दोन दातेरी चाके एकमेकांत किती रुतवायची हे सरकवूनच ठरते. मधे कागदाची पट्टी धरायची, चाके दाबून स्क्रू आवळायचे आणि पट्टी काढून घ्यायची. तेवढी फट राहिली की दाते घासत नाहीत. बॅटरीचा पाळणा शेतातल्या पीव्हीसी पाइपाचा. पाइप उभा चिरून शेगडीवर गरम केला आणि पाटाखाली दाबला की त्याचा सपाट पत्रा होतो. पट्टे सायकलच्या ट्यूबचे. काळ्या मातीची धूळ आत जाऊ नये म्हणून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा.

अडले ते लहान दातेरी चाकाशी. इंजिनाच्या क्लचच्या डब्यावर तेरा दाते आयतेच होते, पण त्याचे भोक मोठे आणि मोटारीचा दांडा पाच मिलिमीटरचा. तेव्हा लेथवाल्याकडून त्याने एक पोलादी बुश कातून घेतला आणि तो डब्यात ठोकून बसवला. पहिला बुश केसभर तिरका निघाला, त्यामुळे गाडी गिरणीसारखी गुरगुरू लागली. दुसरा बरोबर बसला.

आणि हिशेब? तो त्याने सोयाबीनच्या पोत्यावर खडूने केला होता. मोटार दर व्होल्टला मिनिटाला १४०० फेरे घेते. बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे साडेपंधरा हजार फेरे. दातेरी चाकांतून हा वेग पंधरा पटींनी उतरतो, म्हणजे चाकाचे हजारभर फेरे. चाकाचा घेर साडेचौतीस सेंटिमीटर, तेव्हा वेग ताशी एकवीस किलोमीटरच्या आसपास. गणितात दोनदा नापास झालेल्या मुलाने हे पोत्यावर बरोबर मांडले होते. ते पोते दाजींनी पाहिले होते, असे ताई सांगते. पाहून काही बोलले नाहीत, पण पोते हलवायचे झाले तेव्हा खडू पुसणार नाही अशा बेताने उचलले.

इथवर सगळे ठीक होते. पुढे मात्र पोराने एक घोडचूक केली. नवी बॅटरी महाग, म्हणून लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्याने त्यांतले सेल जोडले आणि कुठल्याशा अ‍ॅडॉप्टरवर चार्जिंगला लावले. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नसतो. तीन सेल एकापुढे एक जोडले आणि प्रत्येकावर वेगळी नजर ठेवली नाही, तर अशक्त सेल आधी भरतो आणि बाकीच्यांची वाट पाहत असताना तो जास्त भरत जातो. तसेच झाले. खोलीत पोत्यांची थप्पी होती. वास आला, दाजी धावले आणि पक्कडीत धरून त्यांनी ते गाठोडे अंगणात फेकले. ते पडता पडताच भडकले. दाजींच्या तळहातावर अजून व्रण आहे. तेव्हा त्यांनी कित्येक महिन्यांत प्रथम मुलाशी बोलणे केले. ते एवढेच : "ही गाडी माझ्या घरात नको."

मी दिवाळीला पोहोचलो तेव्हा गाडी गोठ्यात होती आणि भाचाही बहुतेक वेळ तेथेच असे. मीच पैसे पाठवले असल्याने दाजी माझ्याकडेही भुवया उंचावून पाहत होते. मी नवी, कारखान्यात बांधलेली बॅटरी आणि प्रत्येक सेल वेगळा तपासणारा चार्जर बरोबर नेला होता. तो देताना मात्र मला शौर्य गोळा करावे लागले.

नरकचतुर्दशीच्या दुपारी चाचणी झाली. गाडी पुढे गेली नाही. जागच्या जागी तटतट करीत थरथरली. पोराने कळ आणखी दाबली, पुन्हा दाबली आणि मग तो वास आला, जो बाळापुरातला प्रत्येक शेतकरी ओळखतो. मोटार जळाली होती. भाचा काही न बोलता पायरीवर बसून राहिला. मला वाटते, त्या क्षणी त्याच्या हिशेबी मोटारीबरोबर पुष्कळ काही जळाले असावे.

रात्री मी पाणी प्यायला उठलो तर दुकानात दिवा. दाजी भिंग लावून ती लिंबाएवढी मोटार पाहत होते. मला म्हणाले, "पाव्हणे, याची मोटार वाईट नव्हती. एक डाग कच्चा होता. एक फेज गेला. शेतकऱ्याच्या मोटारी अशाच जळतात."

मग मला उमगले की बाप आणि मुलगा गेले कित्येक महिने एकाच विषयावर गप्प होते. दाजींच्या पंपाच्या मोटारीला तीन तारा आणि या खेळण्यालाही तीनच. दोन्हींत तारांच्या वेटोळ्यांतून फिरते चुंबकक्षेत्र तयार होते आणि आतला किंवा बाहेरचा भाग त्याच्यामागे धावतो. फरक इतकाच की खेळण्याच्या फिरत्या कवचाला कायमचे चुंबक चिकटवलेले असतात आणि बॅटरीची वीज पाळीपाळीने तीन तारांत सोडायचे काम कंट्रोलर करतो. फिरत्या क्षेत्राच्या मोटारीची पेटंटे निकोला टेस्लाने १८८८ साली मिळवली. त्याच गृहस्थाने १८९८ साली न्यूयॉर्कला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, रेडिओच्या लहरींनी चालणारी बॅटरीवरची नाव लोकांना दाखवली. म्हणजे दाजींचा धंदा आणि पोराचे खूळ ही एकाच घरची भावंडे! आणि विजेची गाडी ही काही आजची टूम नव्हे. ताशी शंभर किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ साली, कामिय जेनात्झीच्या विजेच्या गाडीने.

दाजींनी मोटार उकलली. बारा दाते, प्रत्येकावर नऊ टर्न. जळालेली तार त्यांनी मोजली, गेज पाहिला. पाडव्याच्या दिवशी दुकान बंद ठेवून ते भरायला बसले आणि दाराकडे न पाहता म्हणाले, "एक टर्न वाढवायलोय. पळणं जरा कमी होईल, ओढ वाढेल. तुझ्या पोत्यावरचा हिशोब बदलून घे."

भाचा दारातच उभा होता. तो आत आला. "म्हणजे चौदाशेचे बाराशे साठ," तो म्हणाला. "ताशी एकोणीस होईल, बाबा."

"मग एकोणीस तर एकोणीस. बस इथं. तार ताणून धर."

व्हार्निशमध्ये बुडवलेली मोटार रात्रभर मोठ्या दिव्याच्या उबेत वाळत ठेवली. बॅटरीही दाजींच्या नियमाने चार्ज झाली. अंगणात, वाळू घातलेल्या घमेल्यात आणि माणूस समोर बसलेला असताना. माणूस मी होतो.

भाऊबिजेला ओवाळणे झाल्यावर सारे घर अंगणात आले. भाच्याने गाडी विटांवर ठेवली, चाके अधांतरी. आधी हातातले यंत्र चालू केले, मग गाडी. हा क्रम मोडला तर गाडी कोणाच्याही हुकुमाशिवाय सुटू शकते. कळ दाबली. चाके झोकात फिरली, पण उलटी. पोराचा चेहरा उतरला. कंट्रोलर बिघडला असे म्हणत तो स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागला.

ओट्यावरून दाजी म्हणाले, "काही बिघडलं नाही. तीनातल्या कोणत्याही दोन तारा बदल."

बदलल्या. गाडी सरळ धावली. गोठा, तुळस, सोयाबीनची ताडपत्री असा फेरा मारून ती दाजींच्या पायाशी येऊन थांबली. पंपाची मोटार उलटी फिरून पाणी चढेना की गावातला शेतकरीही हाच उपाय करतो. तो उपाय पोराला डिप्लोमाच्या वर्गात सापडला नव्हता, तो ओट्यावर बसला होता.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून चालणारी चारचाकी केली, तेव्हा २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिची वाखाणणी केली आणि पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात बोलेरो दिली. आमच्या भाच्याला कोणी बोलेरो देणार नाही आणि तशी गरजही नाही. पण आजकाल छताचे पंखे, स्कूटर, सौर पंप यांत हीच चुंबकाची मोटार येऊ लागली आहे. आज ना उद्या त्या जळालेल्या मोटारी बाळापूरच्या दुकानांपुढे रांग लावतील आणि त्या वेळी भरणारा हात व कंट्रोलर समजणारे डोके, दोन्ही एकाच घरात असलेले बरे.

ज्यांच्या घरी असे खूळ शिरले असेल त्यांना एवढेच सांगतो. बॅटरीत काटकसर करू नका, फुगलेला सेल वापरू नका, चार्जिंग सुरू असताना घर सोडू नका आणि मुलाने पोत्यावर काय लिहिले आहे ते एकदा वाचून पाहा.

निघताना मी दाजींची वही चाळली. प्रत्येक मोटारीची नोंद तीत असते. गाव, गिऱ्हाईक, हॉर्सपॉवर, टर्न, गेज, मजुरी. शेवटच्या ओळीत गाव बाळापूर, हॉर्सपॉवरच्या रकान्यात 'अर्धा', टर्न दहा. गिऱ्हाइकाच्या जागी मुलाचे नाव, पूर्ण, आडनावासकट. मजुरीच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते : 'उद्यापासून दुकानात.'