शाळेची कात्री मुलींच्याच फोटोवर का?

अमेरिकेत फ्लोरिडातील बार्ट्राम ट्रेल हायस्कूलने २०२१ च्या वार्षिकांकात किमान ८० मुलींच्या फोटोंत संगणकावर छाती झाकून टाकली. पोहण्याच्या चड्डीतील मुलांचा फोटो मात्र जसाच्या तसा छापला! मग हा नियम कपड्यांचा कसा? अंकाचे पैसे परत देऊ केले म्हणे; अपमानाचा हिशेब कोण देणार?

आपल्याकडचा उलटा नियम आठवा. त्रावणकोरात नाडर स्त्रियांना छाती झाकायला बंदी होती. लढून १८५९ मध्ये परवानगी मिळवली, तीही सवर्ण स्त्रियांसारखे वस्त्र न घेण्याच्या अटीवर. तिथे उघडे ठेवा, इथे झाका; हुकूम मात्र दुसऱ्याचाच. म्हणून आम्ही ‘सभ्यता’ शब्दाला भुलत नाही.

मित्रांनो, आपल्या बहिणींच्या शाळेचे गणवेशाचे नियम मागवा. ते ठरवताना मुलींना कोणी विचारले होते का, हे आधी विचारा.