काटा बिचारा खरं बोलतो, चुकतो तो आपला गुणाकार

परवा भाच्याचा फोन आला. स्वारी सध्या विमान चालवायला शिकते आहे.

"मामा, एक मस्त युक्ती कळली. वेगाच्या डायलवर पांढरा पट्टा जिथे सुरू होतो तो आकडा घ्यायचा, त्याला १.३ ने गुणायचं, की उतरतानाचा वेग तयार!"

"विमान कुठलं?"

"सेसना १७२ एस. पट्टा ४० नॉटला सुरू होतो. म्हणजे ५२."

"आणि विमानाच्या पुस्तकात काय दिलंय?"

"६१. पण ते आखूड धावपट्टीसाठी आहे..."

"अरे, आखूड धावपट्टीवर तर सगळ्यात हळू यायचं असतं ना?"

पलीकडे शांतता. :)

ही 'युक्ती' मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. घरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन प्रमाणाबाहेर वाढला की हवा पंखाला धरून वाहत नाही आणि पंखाची उचल कोसळते. तसं होऊ नये म्हणून उतरताना स्टॉलच्या वेगाहून ३० टक्के जास्त वेग ठेवायचा, हा जुना नि शहाणा नियम.

आता गोम अशी, की स्टॉलच्या वेळी नाक वर असतं. वेग मोजणाऱ्या पिटो नळीत हवा सरळ न शिरता तिरकी शिरते, आणि बाहेरचा स्थिर दाब घेणाऱ्या भोकापाशीही दाब खरा राहत नाही. म्हणून काटा कमी दाखवतो. १७२ एस पूर्ण वजनाला, फ्लॅप्स पूर्ण खाली असताना स्टॉल होतं तेव्हा काटा ४० दाखवतो, पण ही चूक काढून टाकलेला, म्हणजे कॅलिब्रेटेड वेग असतो ४८. फ्लॅप्स वर असतील तर ४८ आणि ५३. आणि वेग साठीच्या पुढे गेला की हा फरक जवळजवळ संपतो!

समजा दुकानदाराचा तराजू एक किलोला आठशे ग्रॅम दाखवतो, पण सव्वा किलोच्या पुढे बरोबर दाखवतो. तुम्हाला किलोपेक्षा ३० टक्के जास्त साखर हवी आहे. आठशेला १.३ ने गुणून १०४० वर काटा आणलात, तर पदरात काय पडेल?

योग्य हिशेब असा: ४८ गुणिले १.३ म्हणजे ६२. तो पुस्तकातल्या तक्त्यावरून काट्याच्या भाषेत आणला की येतो साधारण ६१. पुस्तकातला आकडा आकाशातून पडलेला नाही! ५२ ने येणाऱ्याची ३० टक्क्यांची गादी जवळजवळ निम्मी झालेली असते, आणि त्याला पत्ताच नसतो.

वळणातही तेच. उंची न सोडता ६० अंश कलून वळलं की स्टॉलचा वेग १.४१ पट होतो. डायलवरच्या ४८ ला गुणलं तर ६८, खऱ्या ५३ ला गुणलं तर ७५. आणि त्या वेगाला काटा जवळपास खरं बोलत असतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "पायलटला काटाच दिसतो, मग कॅलिब्रेटेडचं लोणचं घालायचं का?" अर्धं मान्य. त्याच वजनाला, त्याच फ्लॅप्सना काटा दर वेळी सारखंच चुकतो, म्हणून नुसता स्टॉल ओळखायला तो पुरतो. पण गुणाकार सुरू केलात की तो पुरत नाही. लहान विमानांच्या जुन्या अमेरिकी नियमांतही, २०१७ मध्ये ते नव्याने लिहिले जाईपर्यंत, या चुकीला ३ टक्के किंवा ५ नॉट यांतल्या मोठ्या आकड्याची मर्यादा होती, पण ती स्टॉलच्या १.३ पट वेगापासून पुढे. त्याखाली काटा अचूक असेल असं वचन कोणी दिलंच नव्हतं.

तेव्हा शिकवणाऱ्यांनी ही युक्ती कृपा करून बंद करावी. पट्टा ही खूण आहे, पाढे म्हणायची पाटी नव्हे. तक्ता उघडायला दोन मिनिटं लागतात.

भाच्याने उघडला. रात्री एसएमएस आला: "६१, मामा."

बरं वाटलं. असो.