आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

मित्रांनो, गाडीत पेट्रोलचा वास आला की आपल्याकडे काय होतं? आधी काचा खाली होतात. मग डॅशबोर्डवर परफ्यूमची बाटली येते. आणि पंधरा दिवसांत घरच्यांना तो वास चक्क सवयीचा होतो! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच. ही म्हण मला कॉन्व्हेंटने नाही, आजीने शिकवली. पण आपल्या गॅरेजना आणि खरं सांगायचं तर आपल्या लॅबनासुद्धा ती अगदी फिट बसते.

हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे नाशिकची थंडी असो की नागपूरचा मे महिना, त्याची वाफ पेटायला कायम तयार! हवेत ती साधारण दीड टक्का असली तरी एक ठिणगी पुरते. शिवाय ती हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून न जाता खाली साचते. बंद बेसमेंट पार्किंगमध्ये तर विचारूच नका. त्यातच बेंझीन असते, ज्यामुळे कॅन्सर होऊ शकतो हे सिद्ध झालेले आहे. आणि फॅमिली एसयूव्हीत मागे बसतं कोण? लहान मुलं आणि आजी-आजोबा. म्हणून पेट्रोलचा वास हा झाकायचा प्रॉब्लेम नसून वाचायचा सिग्नल आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो वाचायचा कसा? "कुठला पार्ट बदलू?" हा पहिला प्रश्न नव्हेच. पहिला प्रश्न असा, की वास येतो केव्हा?

सकाळी गार इंजिन सुरू करताना येतो आणि गरम झाल्यावर जातो? मग इंजेक्टरच्या ओ-रिंगवर संशय घ्या. रबर जुनं झालं की थंडीत आखडतं आणि गळतं. सिग्नलला उभं असताना एसीतून येतो? एसी रीसर्क्युलेशनवर टाकून बघा. वास कमी झाला तर तो बाहेरून, बहुधा बॉनेटखालून, येतोय. ऑइलच्या डिपस्टिकलाच पेट्रोलचा वास आहे? मग एखादा इंजेक्टर जास्तीचं पेट्रोल सोडत असावा. पेट्रोल भरल्यावर लगेच येतो? टाकीचं झाकण, फिलर पाइप आणि चारकोल कॅनिस्टर तपासा. हा कॅनिस्टर टाकीतली वाफ शोषून ठेवतो आणि नंतर इंजिनकडे पाठवतो. पण नॉझल कट झाल्यावरही आपण म्हणतो, "भाऊ, राउंड फिगर करा!" त्या राउंड फिगरपायी वाफेच्या जागी पातळ पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि बिचारा कोळसा कामातून जातो.

आता एक खरी केस सांगते. माझ्या मामांची २०१६ ची सात सीटर पेट्रोल एसयूव्ही आहे. एका गॅरेजने कार्पेट शाम्पूने धुऊन दिलं. दुसऱ्याने गाडी उघडायच्या आधीच अख्खी फ्युएल पंप असेंब्ली बदलायला सांगितली. मामा कॉमर्सचे, पण त्यांनी इंजिनीअरला लाजवेल असं काम केलं. महिनाभर एका डायरीत नोंदी ठेवल्या. टाकी फुल्ल, की वास. टाकी अर्धी, की वास गायब. कसारा घाट चढताना सगळ्यात जास्त, तोही मधल्या सीटवर.

आता बघा, उत्तर त्या डायरीतच आहे. गळती टाकीच्या वरच्या बाजूला, जिथे पेट्रोल फक्त टाकी भरल्यावर किंवा चढावर पोहोचतं. पंप बसवतात तीही जागा तीच. मधली सीट उचलून खालचं कव्हर काढलं तर पंपाच्या कडेला ओल दिसली. ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. पंप मात्र ठणठणीत! टाकी थोडी रिकामी करून, लाइनमधलं प्रेशर सोडून, भोवतालची धूळ पुसून मेकॅनिकने नवी ओ-रिंग बसवली. नंतर टाकी पुन्हा फुल्ल केली, घाट चढून बघितला आणि कव्हर उघडून टिश्यू पेपर फिरवला. तो कोरडा निघाला, तेव्हाच काम संपलं असं मानलं.

हे वाचून कोणी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये स्पॅनर घेऊन बसू नका हं! इंजिन बंद केल्यावरही फ्युएल लाइनमध्ये तीन-चार बार प्रेशर राहू शकतं. पाइप तसाच काढला तर पेट्रोलचा फवारा उडतो. नोंदी आपण ठेवाव्यात, पाइप जाणकाराने उघडावा. आणि खाली थेंब दिसला तर स्टार्टर मारूच नये, गाडी टो करावी. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांनी तर जास्तच जपावं. त्यांतले सगळे रबरी सील आणि नळ्या २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सोसतीलच असं नाही.

आता आपल्या लॅबकडे वळू. आपल्याला इंजिनचे कटसेक्शन दाखवतात, चार स्ट्रोक पाठ करून घेतात, जर्नलमध्ये मागच्या वर्षीची रीडिंग्ज उतरवली जातात. ग्राफ सुंदर येतो, सबमिशन होतं. पण "ही गाडी बिघडली आहे, कारण शोधा" असं प्रॅक्टिकल किती जणांनी केलंय? उत्तर आधीच माहीत असलेला प्रयोग म्हणजे डायग्नोसिस नव्हे, शुद्धलेखन आहे. सरांना आणि मॅडमना नम्र विनंती, की दर सेमिस्टरला एका तरी इंजिनमध्ये मुद्दाम एक फॉल्ट करून ठेवा आणि आम्हाला तो शोधू द्या. मार्क उत्तराला कमी आणि नोंदींना जास्त द्या.

आणि मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर गाडीत परफ्यूमची नवी बाटली दिसली, तर आधी एकच विचारा, "ही कशासाठी आणली?"