म्हणजे आयटीआयच ना?
गेर्लिंगेनच्या शिलरहोएवर बॉशचं मुख्यालय. मुलांना तिथे नोकरी लागावी असं पुष्कळांना वाटतं, पण मुलगी आबिटुरनंतर ‘डुआलेस श्टुडिउम’ म्हणाली की चेहरा पडतो: “म्हणजे आयटीआयच ना?”

नाही हो! १९७४ साली बॉश, डाइम्लर-बेंझ यांच्या पुढाकाराने स्टुटगार्टला सुरू झालेली बेरूफ्सआकाडेमी म्हणजेच आजची डीएचबीडब्ल्यू. आलटून पालटून तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी. तीन वर्षांत बॅचलर पदवी, शिवाय दरमहा पगार. लांब सुट्ट्या मात्र विसरा. संशोधनाची ओढ असेल तर युनिव्हर्सिटीच बरी, हे मीही सांगेन. पण लेथला हात न लावलेले पहिल्या वर्गातले इंजिनिअर मी जन्मभर पाहिले. खंडेनवमीला पान्या-पकडीला हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्याला, मुलीने तीच हातात घेतली तर कमीपणा कसला?

कंपन्यांकडे अर्ज साधारण वर्षभर आधी करावा लागतो. मुलगी बारावीत असेल तर फराळाच्या वेळीच विचारा.